साळुंकीची माफी

एका राज्यात पक्ष्यांना बोलता येई आणि माणसांना ऐकायला वेळ नसे. तिथली राणी मृगावती. नवसाचं बाळ झालं, तेव्हा त्याच्या पाळण्यासाठी तिने राजवनातला जुना शिरीष तोडवला. शिरीषावर साळुंकीचं घरटं होतं, घरट्यात पिल्लं होती. साळुंकी शाप देऊन उडून गेली. त्या पाळण्यात निजवलेलं बाळ मग उठेचना. ढोल बडवले, शिंगं फुंकली. श्वास चालू, डोळे मिटलेले.

दरबारच्या मांत्रिकाने हात टेकले. म्हणाला, "राणीसरकार, साळुंकीने माफ केलं तरच शाप सुटेल. माफी आपणच मागायला हवी."

"एवढंच ना?" म्हणत राणी निघाली. त्या राज्यात धक्का लागला तरी 'माफ करा', दारचा याचक घालवायचा तरी 'माफ करा'. त्या शब्दाचं तिला कसलं आलंय ओझं!

तापल्या वाळूचं रान अनवाणी तुडवून तिने साळुंकीला गाठलं. "माफ कर, पण वन माझं आहे."

साळुंकी उडाली ती काचेच्या नदीपलीकडे. राणी काचेवरून चालत गेली, पावलं रक्ताळली. "माफ कर, पण घरटं मला दिसलंच नाही."

साळुंकी पुन्हा उडाली, थेट ढगांतल्या सुळक्यावर. राणीने पदर खोचला. चढता चढता नखं तुटली, मुकुट दरीत गेला. तिने वळूनही पाहिलं नाही. वर पोहोचली आणि तोंडातून शब्द फुटेना. खरं बोलायची वेळ आली की भल्याभल्यांचं असंच होतं.

"बोल," साळुंकी म्हणाली.

"घरटं मला दिसलं होतं. लाकूडतोड्या थबकला होता. पिल्लं उडेपर्यंत थांबू या, म्हणाला. मीच म्हणाले, तोड." राणीला हुंदका आवरेना. "मला माफ कर."

"माझी पिल्लं परत येतील?"

"नाही."

"आणि मी माफ केलं नाही तर?"

"तरी चूक माझीच."

साळुंकीने दूर राजवनाकडे पाहिलं. मग म्हणाली, "केलं माफ. जा."

तोच तिन्ही मुलखांपलीकडून रडणं ऐकू आलं, भुकेल्या बाळाचं, खणखणीत. राणी उतारावरून धावत सुटली. साळुंकी मान कलती करून ते रडणं ऐकत बसली. आई पोहोचली, रडणं थांबलं, तेव्हाच ती उडाली.