नानांचा अचूक अंदाज

एका गावात एसटीचे एक निवृत्त कंट्रोलर राहत होते. नाव दिगंबर, पण सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं. तीस वर्षं त्यांनी स्टँडवर माइकसमोर बसून गाड्या पुकारल्या होत्या. कुठली गाडी कुठे लागणार, किती उशिरा सुटणार, हे ते सांगायचे आणि शेकडो माणसं कान देऊन ऐकायची. निवृत्त झाले आणि ऐकणारं कुणी उरलं नाही. घरात बायको मालतीबाई होत्या, पण त्यांनी संसारात नानांचं कधी ऐकलं नव्हतं, त्या आता कुठल्या ऐकायला!

शहरातल्या मुलीने आपला जुना लॅपटॉप पाठवला आणि ब्लॉग कसा काढायचा ते फोनवर समजावून सांगितलं. नाना राजकारणावर लिहायला लागले. कोण कुठल्या पक्षात उडी मारणार, कोणाचं तिकीट कापलं जाणार, सगळं बेधडक लिहायचे. पहिले सहा महिने काळं कुत्रं फिरकलं नाही. मग एकदा तालुक्याच्या निवडणुकीत कोण पडणार हे त्यांनी आधीच लिहिलं आणि नेमका तोच पडला. झालं! तालुक्यातून, पुण्यातून, पार दुबईहून वाचक जमा झाले. ‘नानांनी लिहिलं म्हणजे झालंच,’ असं लोक म्हणू लागले. ते वाचून नानांना दोन घास जास्त जायचे.

भिवा गोरे हा त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. शेरडं राखायचा. गावामागे एक टेकडी होती. सगळ्या गावाची जनावरं तिथेच चरायची आणि तिच्या पोटातून एक झरा बारमाही वाहायचा. गुलाबशेठ नावाच्या क्रशरवाल्याला ती टेकडी फोडून खडी काढायची होती. त्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव हवा होता, म्हणून गुलाबशेठ सरपंचपदाला उभा राहिला. त्याच्यासमोर उभं राहायची कुणाची छाती होईना. शेवटी भिवाच उभा राहिला.

अर्ज भरून तो तडक नानांकडे आला. “दिग्या, मला काय भाषण येत नाही. तुझं लोक वाचत्यात. चार शब्द लिही की टेकडीसाठी.”

“मी कुणाच्या बाजूने लिहीत नसतो, भिवा. जे दिसतं ते लिहितो.”

आणि नानांनी खरंच दिसलं ते लिहिलं. भिवाकडे पैसा नाही, माणसं नाहीत, भिवा ऐंशी मतांनी पडणार. लेख झकास जमला होता. गुलाबशेठने तो छापून घेतला आणि पाराच्या भिंतीवर चिकटवला. आपला लेख असा भिंतीवर लागलेला नानांनी पहिल्यांदाच बघितला. ते दोनदा तिथून मुद्दाम गेले. कुणी चिकटवला आणि कशासाठी, हे त्यांना कळत नव्हतं असं कोण म्हणेल?

भिवा रागावला नाही. रस्त्यात भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, “तुला दिसलं ते तू लिहिलंस. पर मत तर मलाच देशील नव्हं?”

“हे काय विचारणं झालं?” नाना म्हणाले.

मतदानाचा दिवस उजाडला. मालतीबाई सकाळीच जाऊन मत देऊन आल्या. दुपारी शाळेसमोर रांग वाढली. वरच्या वस्तीवरच्या बायका डोक्यावर पदर घेऊन उन्हात उभ्या होत्या आणि त्या सगळ्या टेकडीच्या बाजूच्या होत्या. इकडे ब्लॉगवर कुणीतरी लिहिलं, ‘नाना, यंदा तुमचा अंदाज चुकतोय वाटतं.’ ते वाचलं आणि नानांनी लॅपटॉप खाडकन मिटला. बघा मंडळी, दोस्त जिंकायची चिन्हं दिसत होती आणि ह्यांना आपल्या अंदाजाची काळजी पडली होती!

चार वाजता त्यांनी सदरा चढवला. एका पायात चप्पल घातली आणि तिथेच थांबले. राजकारणावर लिहिणाऱ्याने तटस्थ राहायला हवं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. एका मताने असा काय फरक पडतो, असंही सांगितलं. खरं कारण त्यांनी स्वतःलाही सांगितलं नाही. चप्पल काढली आणि परत खुर्चीत जाऊन बसले.

“जाताय ना?” मालतीबाईंनी विचारलं.

“बघू,” नाना म्हणाले. साडेपाचला मतदान संपलं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला मोजणी झाली. गुलाबशेठ चारशे बारा, भिवा चारशे बारा. मतं सारखी पडली, म्हणून अधिकाऱ्याने दोघांच्या नावाच्या चिठ्ठ्या बरणीत टाकल्या आणि एक काढली. ती गुलाबशेठच्या नावाची निघाली.

नानांच्या ब्लॉगवर अभिनंदनाचा पाऊस पडला. ऐंशीचा आकडा कुणाच्या लक्षातही नव्हता. भिवा पडणार म्हणाले होते, भिवा पडला. ‘मानलं नाना तुम्हाला!’ नाना एकेक वाचत होते. मालतीबाईंनी ताट वाढलं आणि आत निघून गेल्या. नानांनी ते तसंच झाकून ठेवलं.

सकाळी भिवा आला आणि ओट्यावर टेकला. “तुझं खरं झालं, दिग्या. म्हटलं, सांगून यावं.” टोमणा मारणं त्याला कधी जमलंच नव्हतं, तो मनापासून बोलत होता. त्याने नानांचा हात हातात घेतला, तसं त्याचं लक्ष बोटाकडे गेलं. बोटावर शाई नव्हती. त्याने दुसरा हात घेऊन बघितला. तोही कोराच होता.

“भिवा, अरे, मी निघालो होतो...”

“असू दे,” भिवा म्हणाला. त्याने हात हळूच खाली ठेवला आणि शेरडांमागे निघून गेला. नाना उठून त्याच्यामागे गेले नाहीत. जायला हवं होतं.

गुलाबशेठने पहिल्याच बैठकीत ठराव केला. रोज दुपारी सुरुंग उडू लागले. वर्षभरात झरा आटला. भिवाने शेरडं विकली आणि तो मुलीच्या गावी राहायला गेला. नानांनी ब्लॉगवर सगळं खरं लिहायचं ठरवलं. सगळ्या जगाबद्दल लिहिणारा हा माणूस, पण दोन ओळी झाल्या आणि पुढे बोटं चालेनात. त्यानंतर त्यांनी काहीच लिहिलं नाही.

दोन वर्षांनी एकदाचं त्यांनी मन घट्ट केलं. एसटी पकडली आणि भिवाच्या मुलीचं, चंद्राचं, घर विचारत गेले. चंद्राने त्यांना ओळखलं, बसायला घोंगडी टाकली.

“उशीर केला नाना तुम्ही. बाबा गेले. दोन महिने झाले.”

नाना घोंगडीवर बसले. चंद्राने चहा आणून समोर ठेवला.

“शेवटपर्यंत टेकडीचंच काढायचे,” ती म्हणाली. “म्हणायचे, एका मतानं गेली गं टेकडी. मी लई येळा विचारलं, कुणाचं मत? शेवटपर्यंत नाव नाही घेतलं त्यांनी. नाना, तुम्ही त्यांचे दोस्त. तुम्हाला तरी ठाऊक असेल की, कोण होता तो?”

नानांनी समोरचा कप बाजूला सरकवला.

“मी,” ते म्हणाले.

नानांना वाटलं, आता ही शिव्या देईल, हाकलून देईल. तिने द्यायला हव्या होत्या, असंही त्यांना वाटलं. तिने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, “चहा निवतोय. घ्या.”

तात्पर्य: आपलं भाकीत खरं ठरावं म्हणून जो आपल्याच माणसाच्या हरण्याची वाट बघतो, त्याचं भाकीत खरं ठरतंही, पण तो माणूस त्याला परत मिळत नाही.