फळीआडची शीळ

“…मग मला का न्हाई, बाबा?”

निवांतनाथ चिंचा फोडत बसले होते. समोर टोपलं, मांडीशी दगड, हातात लोखंडी बत्ता. त्यांनी वर पाहिलं नाही.

“काय का न्हाई?”

“त्यो नाद. कालच्या पोराला ऐकू येतो. मला येत न्हाई.”

“न्हाई येत तर न्हाई येत.”

बत्ता पडला. चिंचोका उडून जालिंदरच्या पायाशी आला. जालिंदरने तो उचलला, टोपल्यात टाकला आणि तिथेच उकिडवा बसला.

जालिंदर हा मठाचा जुना शिष्य. जुना म्हणजे किती, तर आवारातल्या चिंचेचं रोप त्याने आणून लावलेलं आणि आता तिच्याच चिंचा बाबा फोडत होते. धुनीची लाकडं, पाहुण्यांची पंगत, बोअरची बिघडलेली मोटर, सगळं त्याच्या अंगावर. मठ चालतो तो जालिंदरच्या जिवावर, असं गावातले लोक म्हणत आणि त्याच्या कानावर जाईल एवढ्या मोठ्याने म्हणत. त्याला ते आवडत असे. कुणाला आवडणार नाही?

मठ नाथपंथी. इथली साधना ऐकण्याची. पहाटे डोळे मिटून बसायचं आणि माणसाच्या आत जो नाद सतत चाललेला असतो म्हणतात, त्याच्याकडे कान लावायचा. बाबांच्या गळ्यात काळ्या लोकरीच्या दोऱ्यात हरणाच्या शिंगाची बोटभर शिंगी होती, गुरूकडून आलेली. मठाचा रिवाज असा, की ज्याला तो नाद ऐकू आला त्याच्या गळ्यात शिंगी जायची, आणि शिंगीच्या मागोमाग मठाची गादी.

बाबा आता थकले होते. यंदाच्या शिवरात्रीला शिंगी उतरवणार, असं त्यांनीच सांगून टाकलं होतं. कुणाच्या गळ्यात घालणार, ते मात्र सांगितलं नव्हतं.

त्यात सांगायचं काय, असं जालिंदरला वाटायचं. दिवाळीपर्यंत वाटायचं.

दिवाळीनंतर ऋतुराज आला. पुण्यातल्या कंपनीची नोकरी सोडून आलेलं, चष्मा लावणारं, ताक वाढलं तरी थँक्यू म्हणणारं पोर. मठात एका भक्ताने दिलेला जुना काँप्युटर धूळ खात होता. बाबांनी ऋतुराजला कामाला लावलं. जुन्या पोथ्यांच्या पानांचे फोटो काढायचे आणि त्या काँप्युटरमध्ये नीट लावून ठेवायचे.

काँप्युटर कोठीच्या खोलीत. पलीकडे ध्यानाची खोली. मध्ये नुसती लाकडी फळ्यांची भिंत. मशीन दिवसरात्र चालू, आणि त्याचा पंखा असा, की पिठाची गिरणी परवडली. पहाटे जरा कुठे मन लागतंय तोवर पलीकडून घर्र सुरू.

तक्रार जालिंदरनेच केली होती.

“त्या धुडाचं तोंड बंद कर. न्हाईतर मी करतो.”

ऋतुराजने उलट शब्द काढला नाही. सगळे ज्याला सीपीयू म्हणतात तो लोखंडी डबा त्याने उघडला, आतली धूळ झाडली, तालुक्याला जाऊन नवा पंखा आणून बसवला. घरघर थांबली. जालिंदर खूश झाला. पोर सांगितलेलं ऐकतं, एवढं कळलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ह्याच पोराने चारचौघांत बाबांच्या पायाशी बसून सांगितलं,

“बाबा, पहाटे बसलो की एक आवाज येतो… फार बारीक. उंच. त्याला खंडच नाही. ऐकता ऐकता डोळ्यांत पाणी येतं.”

बाबा म्हणाले, “बरं.”

बाबांच्या तोंडून एवढंच निघालं, पण गावाला तेवढं पुरलं. पंगतीत ऋतुराजच्या पानात आधी वाढलं जाऊ लागलं. बायाबापड्या वाकून त्याच्या पाया पडू लागल्या. पोर लाजून पाय मागे घ्यायचं, तर म्हणे बघा, किती नम्र!

जालिंदरच्या अंगाचा तिळपापड झाला. लाकडं फोडली कुणी? खरकटी काढली कुणी? आणि नाद कुणाला? पी हळद अन् हो गोरी!

त्याचं खाण्यावरचं मन उडालं. पहाटे तो बसायचा, पण कान आत नसायचा. कान असायचा ऋतुराजच्या श्वासाकडे. एक डोळा किलकिला करून तो त्या फळीलगतच्या कोपऱ्याकडे चोरून बघायचा. पोर तिथे शांत बसलेलं, गालावर पाणी ओघळलेलं. ते तोंड दिसलं की ह्याच्या पोटात आग पडायची. हा मत्सर आहे, हे त्यालाही कळत होतं. इतकी वर्षं मठात काढलेल्या माणसाला एवढं कळतंच. पण नाव कळलं म्हणून आग थोडीच विझते!

आज मात्र तो रडगाणं गायला आला नव्हता. आज त्याच्याकडे हुकमाचा एक्का होता.

“बाबा,” तो जवळ सरकला. “त्याचा नाद म्हंजे आपला काँप्युटर हाय.”

बत्ता थांबला.

“मगाशी त्याला न्याहारीला बोलवायला कोठीत गेलो. पोरगं पडद्यावर पोथीची पानं सरकवत हुतं. पान सरकलं की त्या डब्यातनं बारीक शीळ यायची. पान थांबलं की शीळ जरा उतरायची. डब्याला कान लावला. मग ह्या अंगाला येऊन त्याच्या कोपऱ्यातल्या फळीला लावला.” जालिंदरला हसू आवरेना. “त्योच आवाज, बाबा! ह्यो गडी रडतोय कशापायी, तर सीपीयूपायी!”

“खात्री हाय?”

“हाताच्या काकणाला आरसा कशाला? चला की.”

बाबा उठले. धोतराला चिकटलेली चिंचेची टरफलं त्यांनी सावकाश झटकली. ऋतुराजला हाक गेली. तो कोठीतून आला, चष्मा पुसत.

“आदेश, बाबा,” त्याने नाथपंथी नमस्कार केला.

“तुझ्या जागी बस.”

तो कोपऱ्यात बसला. का, कशाला, काही विचारलं नाही. ही त्याची न विचारण्याची सवयसुद्धा जालिंदरला सहन होत नसे.

“येतोय ऐकू?”

ऋतुराजने डोळे मिटले. थोडा वेळ गेला… त्याचा चेहरा सैलावला.

“हो, बाबा.”

बाबांनी जालिंदरकडे पाहिलं. “जा. बंद कर.”

जालिंदर कोठीत शिरला. बटण कुठलं ते त्याला ठाऊक नव्हतं आणि बटणाची वाट बघण्याइतका दम त्याच्यात उरला नव्हता. त्याने डब्यामागची जाड काळी वायर धरली आणि हिसडली. मग भिंतीतली पिनही उपटली. ती वायर मुठीला गुंडाळत तो परत आला, साप मारून आल्यासारखा.



ऋतुराजने डोळे उघडले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

“गेला, बाबा.”

“गेला!” जालिंदर ओरडलाच. “नाद कधी जातो व्हय रं? ही बघ, ही वायर! काँप्युटरवाला तू, अन् तुलाच काँप्युटर वळखू येईना?”

पोराने वायरीकडे पाहिलं. फळ्यांकडे पाहिलं. हळूहळू त्याचे कान लाल झाले.

“कॉइल…” तो पुटपुटला. “आतलं तारेचं वेटोळं, बाबा. वीज जाताना थरथरतं, त्याची शीळ येते. कंपनीत रोज ऐकायचो. तिथे असतो तर लगेच कळलं असतं.”

“मग हितं का न्हाई कळलं?”

“इथे मला दुसरंच ऐकायचं होतं, बाबा.”

बाबा हसले नाहीत. रागावलेही नाहीत.

“पंखा बदलायच्या आधी ही शीळ नव्हती?”

“असणारच. घरघरीखाली दबली होती. मोठा आवाज गेला, म्हणून ही कळली.”

“बरं.”

बाबांनी ऋतुराजच्या पाठीवरून हात फिरवला. एकदा, मानेपासून कमरेपर्यंत.

“जा. चिंचा राहिल्यात. फोड.”

ऋतुराज उठला. दाराशी जालिंदरसमोर थांबला.

“बरं झालं सांगितलंत, दादा. मी आपला असाच बसून राहिलो असतो.”

जालिंदरने त्यात टोमणा शोधला. सापडला नाही. पोर खरंच तसं म्हणत होतं. ते बाहेर गेलं, आणि थोड्या वेळाने बत्त्याचा आवाज सुरू झाला.

जालिंदर उभा राहिला. जिंकला होता तो. शिवरात्र तोंडावर होती, शिंगी बाबांच्या गळ्यात होती, आणि मधला काटा त्याने स्वतःच्या हाताने काढला होता. आता बाबा काहीतरी बोलतील. शाबास म्हणतील. निदान नाव तरी घेतील.

बाबांनी कोपऱ्याकडे बोट केलं.

“आता तू बस.”

“कुठं?”

“त्याच्या जागी.”

जालिंदर बसला. दिवाळीपासून ज्या जागेकडे बघत त्याने पहाटा जाळल्या, ती ही जागा. जमीन अजून त्या पोराच्या उबेने गरम होती. त्याने फळीला पाठ लावली आणि डोळे मिटले.

पलीकडे मशीन गप्प होतं. घरघर नव्हती, शीळ नव्हती. इतकी शांतता त्या खोलीत बऱ्याच महिन्यांत झाली नव्हती. आता काय, रान मोकळं, असं मनाशी म्हणत त्याने कान आत वळवला.

आणि ते सुरू झालं.

पाठीवरून हात फिरवला… खोटा ठरला, तरी त्याच्याच पाठीवरून फिरवला. माझ्या पाठीवरून कधी फिरवला? एवढी लाकडं फोडली, कधी एकदा तरी? आणि तो हरला, तरी त्याला काहीच कसं झालं नाही? हरणंसुद्धा त्यालाच जमतं…

जालिंदरने मान हलवली. श्वास लांब घेतला. गुरुमंत्र म्हणून पाहिला. मंत्राच्या खालून तेच ऐकू येत राहिलं, बारीक, उंच, मधे दम न खाता. ते आजचं नव्हतं. दिवाळीचंही नव्हतं. पोर यायच्या कितीतरी आधीपासून, पंगती आणि पाहुण्यांच्या धबडग्याखाली, हे असंच चालू होतं की काय, अशी शंका त्याला आली.

“काय ऐकू येतंय?”

बाबांचा आवाज अगदी जवळून आला. ते समोर येऊन बसले होते.

एक शब्द पुरला असता. नाद येतोय, बाबा. मशीन बंद, म्हणजे खोटं पकडायला कुणी नाही. शिंगी हाताच्या अंतरावर होती. शब्द जिभेवर आला, तिथे घुटमळला… आणि जालिंदरने तो गिळला. तेवढं श्रेय मात्र त्याच्या पदरात टाकायला हवं.

“बाबा… थांबंना.”

“काय थांबंना?”

“त्याच्या पाठीवरनं हात फिरवला. माझ्या न्हाई.” त्याचा आवाज चिरकला. एवढा दांडगा माणूस, पण ओठ लहान पोरासारखे थरथरत होते. “ह्येच, बाबा. एकसारखं. झोपताना, जेवताना… कसं थांबवू?”

बाहेर बत्ता पडत होता.

मग त्यांनी जालिंदरची मूठ धरली आणि त्याच्या डोळ्यांसमोर उचलली. काळी वायर तिच्याभोवती करकचून आवळलेली होती, टोकाची पिन खाली लोंबत होती. बोटं पांढरी पडली होती, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

“पिन तर तुझ्याच हातात हाय,” बाबा म्हणाले.