खोटं म्हणणाऱ्याची जागा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती, ते विचारू नका. ज्यांना ठाऊक होतं ती माणसं मातीला मिळाली. खडकेवाडीचा माळ तेव्हाही असाच उघडाबोडका होता आणि बिरोबाचं देऊळ असंच बुटकं होतं. बसा टेकून. आणि बसलात तर गप बसा बाबांनो, कारण ही गोष्टच मध्ये ओरडणाऱ्याची आहे, आणि मीही आता बोलून बोलून दमलेलो माणूस.

तर त्या वाडीत म्हाकू नावाचा धनगर होता. मेंढरं राखायचा आणि गायचा. तो गायला लागला की पलीकडच्या माळावरची मेंढी चरता चरता मान वर करून उभी राहायची, असं म्हणतात. दिवाळी सरली की बिरोबाची जत्रा भरायची. भर दुपारी देवळापुढं ढोल घुमायचा, भंडारा उधळायचा आणि म्हाकू सुंबरान मांडायचा. सुंबरान म्हणजे देवाची आठवण काढून सुरू केलेलं लांबलचक गाणं. वाडीचा रिवाज असा, की मांडलेलं सुंबरान शेवटाला न्यायचंच. ते पुरं झालं की कळपाचा म्होरक्या मेंढा गळ्यातली घंटा वाजवत उठायचा. तो देवाचा कौल. मग मेंढरं घाट उतरून कोकणात चरायला निघायची. गाणं अर्धं राहिलं तर कळप जागचा हलत नसे, आणि माळावर तोवर गवताची काडी उरलेली नसे. म्हणजे म्हाकूच्या गळ्यावर सगळ्या वाडीची मेंढरं जगायची.

गाणं एका हरवलेल्या पोरीचं होतं. धनगराची लेक वादळात हरवते, बाप रानोमाळ हिंडतो, आणि शेवटी ती सापडते. मेंढ्यांच्या मधोमध, लोकरीच्या उबेत निजलेली. इथं आलं की बायका पदरानं डोळे पुसायच्या. आणि नेमका इथंच मागून आवाज यायचा, "खोटं!"

ओरडणारा मायाप्पा. त्याच वाडीचा, म्हाकूच्याच वयाचा. एका वळवाला लिंबाएवढ्या गारा पडल्या आणि कोकरांमागं गेलेली त्याची लेक हौसा परत आली नाही. कोकरं आली, हौसा आली नाही. सगळ्या वाडीनं शोधलं, मग जो तो आपापल्या कामाला लागला. मायाप्पा तेवढा शोधत राहिला. वर्षभर तो कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही. जत्रेला मात्र यायचा आणि तो एक शब्द ओरडायचा.

आता सांगा, गाणाऱ्यानं काय करावं? म्हाकूनं सगळं करून पाहिलं. पहिल्यांदा ऐकलंच नाही असं दाखवलं. मग ढोलवाल्यांना म्हणाला, वाजवा रं जोरात. ढोल फुटायची वेळ आली, पण तो शब्द ढोलाच्या वर निघाला. एका जत्रेत त्यानं उभ्याउभ्या ओवी जुळवली आणि मायाप्पाला अवेळी आरवणारा कोंबडा केला. माणसं पोट धरधरून हसली. मायाप्पा मुकाट्यानं उठून गेला, गाणं पुरं झालं, मेंढरं निघाली. पण घाट उतरताना म्हाकूला ते हसू आठवत राहिलं आणि स्वतःची लाज वाटली. पुढच्या जत्रेला कोंबडा पुन्हा हजर!

मग तरण्या पोरांनी मायाप्पाला दंड धरून उचललं आणि ओढ्यापलीकडं नेऊन बसवलं. वारा उलटा होता, तरी तो शब्द ओढा ओलांडून देवळात आला, असं म्हणतात.

अशी कैक वर्षं गेली. म्हाकू थकला. चालण्यानं नाही, चालणं त्याच्या हाडातच होतं. गाण्यानंही नाही. तो थकला वाट बघण्यानं. सुंबरान मांडतानाच त्याचे कान त्या एका शब्दाकडं लागायचे, आणि देवाचं नाव घेतानाही मनात मायाप्पा बसलेला असायचा.

त्याची बायको बाळाई एकदा चुलीपुढून म्हणाली, "दरसाल त्येच. तुमी गाताय, त्यो वरडतोय. दोघंबी म्हातारं झालासा. एकदा इचारा तरी त्याला, काय झालंय म्हणून."

"इचारायचं काय त्यात? येडा हाय त्यो."

"येडा आसंल. पर बाप हाय की."

म्हाकूनं कूस बदलली.

मग ते दुष्काळाचं साल आलं. माळ वाळून नुसता वाजत होता, मेंढरांच्या बरगड्या दिसत होत्या. म्हाकूचा गळा बसत चालला होता. हे आपलं शेवटचं सुंबरान, हे त्याला कळून चुकलं होतं. पोरांनीही ठरवलं होतं, की यंदा गाणं मोडू द्यायचं नाही. मायाप्पाच्या भोवती ती काठ्या घेऊनच बसली. म्हाकू गायला लागला. आवाज ठिकठिकाणी फाटत होता, तरी तो पोरगी सापडते तिथवर आला.

"खोटं!"

काठ्या वर झाल्या. म्हाकूनं हात वर केला आणि ढोल थांबला. खांद्यावरचं घोंगडं सावरत तो माणसांतून वाट काढत मागं गेला. लोकांना वाटलं, आता हा मारतोय. म्हाकूनं घोंगडं अंथरलं, अर्ध्यावर आपण बसला, अर्धं मायाप्पापुढं सरकवलं.

"मायाप्पा, लई दमलो मर्दा," तो म्हणाला. "तूबी दमला आसशील. खोटं हाय म्हणतोस न्हवं? मग खरं काय त्ये तू सांग. मी ऐकतो."

पुजारी ओरडला, "आरं, सुंबरान आर्धं ऱ्हायलंय! मेंढरं मरतील!"

"ऱ्हाऊ द्या घटकाभर. द्येव कुटं पळून जातोय?"

मायाप्पाचं तोंड एका शब्दापुरतं उघडायला सरावलेलं. दुसरा शब्द यायला फार वेळ लागला.

"हौसाच्या पायात काटा मोडला व्हता," तो म्हणाला. "मला म्हणली, आबा, काढा. मी म्हणलं, सांजच्याला काढतो. तशीच लंगडत ग्येली कोकरांमागं." त्यानं कनवटीतनं एक सुई काढली, गंजलेली. "ही बग. आजून जवळ हाय. तुझ्या गाण्यातली पोरगी सापडली, ब्येस झालं. माजी सापडली न्हाय. आन् तुमी सगळी दरसाल डोळं पुसून, खुशाल जेवायला जाताय."

मग तो बोलतच राहिला. हौसा कशी हसायची, कोकराला कशी रागवायची, सगळं. उधळलेला भंडारा तोवर हवेत तसाच तरंगत राहिला आणि दिवस माळाच्या कडेला टेकून थांबला, असं म्हणतात. मी नव्हतो तिथं. पण कुणी साधं खोकलंसुद्धा नाही, एवढं मात्र खरं.

मायाप्पाचं बोलणं सरलं, तेव्हा म्हाकूनं बसल्या जागी, ढोलाविना, गाण्याचा शेवट गायला. त्यात पोरगी सापडली नाही. बाप कनवटीला सुई लावून चालत राहिला, एवढंच त्यात होतं. शेवटचा शब्द गळ्यातून निघाला आणि त्याच्याबरोबर म्हाकूचा आवाजही गेला. तो गेला तो गेलाच.

सगळे मेंढ्याकडं बघत होते. मेंढा बसलेला. पुजाऱ्यानं कपाळाला हात लावला. बाळाई पुटपुटली, "ऊठ रं बाबा." आणि मेंढा उठला. माणसांतून वाट काढत तो थेट मायाप्पाजवळ आला आणि त्यानं घंटा वाजवली. त्या सांजेला मेंढरं निघाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मायाप्पा काठी घेऊन कळपामागं चालला.

त्यानंतर सुंबरान दुसरे गाऊ लागले. मुका म्हाकू मागं घोंगड्यावर मायाप्पाच्या शेजारी बसायचा. पोरगी सापडली की मायाप्पा "खोटं!" म्हणायचा, ढोल थांबायचा, हौसाची गोष्ट व्हायची, मग गाणारा तो दुसरा शेवट गायचा. कुणी कुरकुर केली तर बाळाई अशी बघायची, की तो माणूस पाणी प्यायला उठून जायचा.

पुढं मायाप्पा कोकणात वारला. त्यानंतरच्या जत्रेत गाणं त्या जागेवर आलं. पोरगी सापडली. गाणारा थांबला. मागून काहीच आलं नाही. ज्या शब्दाला वाडी इतकी वर्षं वैतागली होती, त्याच्यासाठी आता सगळ्यांच्या माना मागं वळल्या. ढोलवाला म्हणाला, "घ्या की म्होरं. आता कोन वरडायला?"

तेव्हा घोंगड्यावरून म्हाकू उठला. गुडघ्यावर हात टेकत, हळूहळू. इतकी वर्षं मुका असलेला म्हाकू.

"खोटं!"

तोच जुना आवाज. पलीकडच्या माळावर मेंढ्यांनी माना वर केल्या, असं म्हणतात. मग तो खाली बसला, कनवटीतनं गंजलेली सुई काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी हातावर धरली. मायाप्पानं जाताना ती त्याच्याकडं दिली होती. म्हाकू पुन्हा बोलला नाही. पुढच्या जत्रेपर्यंत तोही गेला.

आजही खडकेवाडीच्या जत्रेत देवळापुढं, सगळ्यांच्या मागं, एक घोंगडं अंथरतात. त्याला म्हाकूबाची जागा म्हणतात. आता कर्णे आले, गाणं चालू असताना लोकांचे फोन वाजतात. पण पोरगी सापडली की गाणारा आपणहून थांबतो आणि मागं बघतो. ज्याचं कुणी गेलंय, आलं नाही, तो त्या घोंगड्यावर येऊन बसलेला असतो. तो "खोटं" म्हणतो आणि सांगतो, आणि तोवर ढोलाला कुणी हात लावत नाही.

गेल्या साली परगावची एक बाई येऊन बसली होती. तिनं खोटं म्हटलं, पण पुढं तिला बोलताच येईना. दिवस बुडेपर्यंत ती नुसती रडत बसली. गाणारा तिच्या शेजारी जाऊन बसला. मेंढरं उभी राहिली होती, कुणी घाई केली नाही.