रातवीला शोभणारा रंग

फार पूर्वी पळसाच्या रानात एक रातवी पक्षीण वाळक्या पानांत अंडी उबवत बसली होती.

"हा तपकिरी रंग तुला शोभत नाही," पोपट म्हणाला. "ज्याचा जो ऋतू, तोच त्याचा रंग. ऋतू चार. तू वसंतातली, केशरी लाव."

साळुंकी उसळली, "चार कुठले? ऋतू सहा! ही हेमंतातली, हिला निळाच खुलेल."

सकाळभर हेच चाललं. रातवी पार वैतागली. एकदाचे दोघं गप्प बसावेत म्हणून ती पळसाची पाकळी पिसांत खोवायला उठणार, तोच वर शिक्रा दिसला. दोघं भुर्रकन पळाले. रातवी अंड्यांवर तशीच चिकटून राहिली. शिक्र्याने खूप घिरट्या घातल्या, पण पानांखेरीज काही न दिसल्याने तो निघून गेला.

दोघं परतले. "अगं रातवे, कुठे गेलीस? तुझा रंग ठरायचा राहिलाय!"

रातवी त्यांच्या पुढ्यातच होती. तिने डोळे मिटले आणि मुळीच ओ दिली नाही.