ठकूच्या पोटाचं दुखणं

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राज्य कुणाचं होतं हेही आता कुणाला सांगता यायचं नाही. एका डोंगराच्या पायथ्याशी गवळ्यांची वस्ती होती. तिथे तहान लागली तर दूध, पाहुणा आला तर दूध, आणि रडणारं पोर गप्प करायलाही दूधच.

या वस्तीत ठकू नावाची सून आली. तिचं माहेर खडकाळ माळावरचं. नाचणीची आंबील आणि कुळथाचं पिठलं खाऊन ती वाढलेली. दूध बघायला मिळायचं ते सणावाराला. सासूला तिची फार माया. "आमच्या घरी आलीस ना पोरी, आता बघ कशी गुटगुटीत होतेस!" असं म्हणत ती सकाळ-संध्याकाळ पेलाभर दूध ठकूच्या हातात द्यायची.

पण गुटगुटीत कसली होतेय! पोट फुगायचं, गुडगुडायचं, मुरडा यायचा. धार काढता काढता ठकू चरवी टाकून परसाकडे पळायची. सहा महिन्यांत बिचारीची हाडं दिसायला लागली. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं कामाचा कंटाळा. "अगं, माहेरची ओढ, दुसरं काय!" असंही म्हणून झालं.

शेवटी सासऱ्यानं सांगून टाकलं, "पाडव्यापर्यंत वाट बघू. नाही बरी झाली तर माहेरी पोचवू." अशी पोचवलेली सून परत आणत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ठकूला रडू फुटलं. तिचा नवऱ्यावर जीव होता, सासूवर होता, गोठ्यातल्या गाईंवरसुद्धा होता. तिला कुठेही जायचं नव्हतं. मग डोळे पुसून ती म्हणाली, "माझं दुखणं खरं आहे. खऱ्या दुखण्याला खरं नाव असणारच. ते शोधल्याशिवाय मी काही गप्प बसत नाही."

ती गावातल्या वैद्याकडे गेली. तिचं बोलणं संपायच्या आत तो म्हणाला, "भूक मंदावलीय. सुंठीचं चूर्ण घे, कोमट दुधातून." तिनं घेतलं. पोट आणखी बिघडलं. शेजारच्या गावचा वैद्य म्हणाला, "छे, हे तर जंत! वावडिंगाची पूड घे, कोमट दुधातून." तेही घेतलं. तिसरा म्हणाला, "उष्णता झालीय. गुलकंद घे, थंड दुधातून." वैद्य बदलला, औषध बदललं, पेला मात्र तोच राहिला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, ते हे असं.

तुम्हाला कळलं ना? हसू नका. वस्तीत कुणालाच कळलं नव्हतं. ज्या दुधावर घर चालतं, त्याच्यावर संशय घेणार कोण?

घाटापलीकडे, तीन दिवसांच्या वाटेवर, एक म्हातारा वैद्य राहायचा. ठकूनं भाकरी-चटणी बांधून घेतली आणि निघाली. नवरा म्हणाला, "मी येतो." ती म्हणाली, "मग गुरं कोण बघणार?" पहिल्या दिवशी ती वाकून चालली. दुसऱ्या दिवशी पोट गप्प झालं. तिसऱ्या दिवशी तर तिला कडकडून भूक लागली.

म्हाताऱ्यानं जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं आणि म्हणाला, "तुला काही झालेलं नाही. घरी जा."

ठकू जागची हलेना. "बाबा, घरून निघाले तेव्हा मला सरळ उभं राहवत नव्हतं. वाटेत औषध घेतलं नाही, तरी आज ठणठणीत आहे. मला तेच विचारायचंय. मी बरी का आहे?"

म्हातारा थबकला. "आजारी का पडलो, असं सगळे विचारतात. बरी का आहे, असं विचारणारी तूच पहिली. बस अशी. घरी काय खातेस आणि वाटेत काय खाल्लंस, घासाघासानं सांग."

ठकू बोटांवर मोजत सांगू लागली. भाकरी घरीही होती, वाटेतही होती. चटणीही होती, कांदाही होता. "मग वाटेत नव्हतं काय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

ठकू अडखळली. "दूध, बाबा."

"मनात आलं म्हणजे खरं झालं असं नाही. पारखून घेऊ." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तिला नुसतं दूध दिलं. दुपारच्या आत मुरडा आला. दोन दिवस दूध बंद ठेवलं, पोट शांत. पुन्हा दिलं, पुन्हा मुरडा. तेव्हा तो म्हणाला, "तुला दूध पचत नाही. दूध वाईट नाही, तूही वाईट नाहीस, तुमचं जमत नाही इतकंच. ताक बेतानं घे, सोसेल." ठकू तिथेच मोकळेपणी रडली. आपण खोटारडी नाही, हे इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी मानलं होतं.

घरी आल्यावर तिनं हे सांगितलं मात्र, सासू उसळली. "माझ्या गाईंच्या दुधाला नावं ठेवतेस?"

"आत्याबाई, वासरूसुद्धा मोठं झालं की दूध सोडतं. ते काय नावं ठेवतं? पाडव्याला बारा दिवस आहेत. तोवर दुधाचा थेंब देऊ नका. मग पोचवायचं तर खुशाल पोचवा."

आठ दिवस ठकू फुलासारखी टवटवीत होती. नवव्या दिवशी दुपारी पोट धरून ती गोठ्यातच बसली. सासरा म्हणाला, "बघा! दूध बंद, तरी दुखणं तेच. गाडी जुंपा."

ठकू खांबाला धरून उठली. "थांबा मामा. कुठूनतरी दूध पोटात गेलंय." तिनं सकाळपासूनचं खाणं आठवलं. "आज भाकरी रोजच्यापेक्षा मऊ होती," ती म्हणाली आणि तिनं सासूकडे पाहिलं.

सासू दारातच मटकन खाली बसली. "मीच गं! पीठ दुधात भिजवलं. वाटलं, पोर दुधावाचून वाळेल, नकळत तेवढंच पोटात जाईल. तुला दूध दिसलं नाही, तरी दुखलं. म्हणजे खरंच होतं गं तुझं." तिनं ठकूला जवळ घेतलं आणि सासऱ्याला बजावलं, "बैल सोडा आधी!"

पाडवा आला आणि गेला. ठकू घरीच राहिली आणि चांगली धडधाकट झाली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, पण ठकू मात्र जेवण झालं की वाटीभर ताक न फुंकताच प्यायची. तिचा पेला मग सासू प्यायची, आणि ही हकीकत कानावर गेल्यावर त्या तिघा वैद्यांनाही माणसाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायची सवय लागली.

तात्पर्य: औषधं बदलत बसू नये, दुखण्याचं खरं कारण सापडेपर्यंत शोधावं, आणि त्या शोधात आपल्या लाडक्या गोष्टीलाही सूट देऊ नये.