सरळ उभी गाडी

"त्या बेइमानाला तुम्ही कामावर ठेवलंतच कसं, वस्ताद?"

दाऊद वस्ताद अजून दारातच होते. म्हातारा माणूस, तोंडाचा फटकळ. कोल्हापुरातले निम्मे मेकॅनिक त्यांच्या हाताखालून गेलेले. विचारणारा इंद्रजित हाही त्यांचाच चेला, आता स्वतःच्या वर्कशॉपचा मालक.

"गाडी दाखव," वस्ताद म्हणाले.

"आधी उत्तर द्या."

"गाडी अडली म्हणून बोलावलंस न्हवं? मग दाखव की. भांडायचं हुतं तर फोनवर भांडायचंस."

इंद्रजित दात-ओठ खात बाजूला झाला.

वर्कशॉप देखणं होतं. पांढऱ्या भिंती, आणि फरशी तर अशी गुळगुळीत की गाडीचं पोट तिच्यात दिसावं. मधोमध इनामदार वकिलांची जुनी परदेशी मोटार उभी होती. एके काळी तिच्यातून कोण उतरतंय हे बघायला रस्त्यावरची माणसं थांबायची.

अशा गाडीला स्प्रिंगा नसतात. चार कोपऱ्यांना हवेचे फुगे असतात, गाडीची उंची मोजणारे सेन्सर असतात, आणि त्या सेन्सरचं ऐकून हवा कमी-जास्त करणारा एक कॉम्प्युटर. सेन्सर बदलला की कॉम्प्युटरला नव्यानं शिकवावं लागतं की बाबा रे, सरळ उभं राहणं म्हणजे हे.

गाडीचा मागचा सेन्सर गेला होता. नवा बसवला आनंदा मेकॅनिकनं. सरळ कसं उभं राहायचं ते शिकवलं इंद्रजितनं, स्वतः.

गाडी घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. डावीकडं कललेली, समोर लाल दिवा पेटलेला. वकीलसाहेब चार लोकांत वाट्टेल ते बोलले.

आनंदा हा इंद्रजितचा नोकर. त्याआधी दोघं वस्तादांकडं बरोबरीनं शिकलेले, एका डब्यात जेवलेले. इंद्रजितनं सगळ्या गिऱ्हाइकांसमोर त्याच्या कानाखाली आवाज काढला. जळतोस माझ्यावर, म्हणाला. मुद्दाम काहीतरी ढिलं ठेवलंस, म्हणाला. तेवढ्यावरही भागलं नाही. त्यानं गावातल्या एकेका गॅरेजला फोन केला की हा माणूस गाड्या बिघडवतो, याला दारात उभं करू नका.

कुणीही उभं केलं नाही. पोराबाळांचा माणूस घरी बसला. एखाद्याच्या पोटावर पाय द्यायला हल्ली जागचं उठावंही लागत नाही, याची मला भयंकर चीड येते.

वस्तादांनी मात्र त्याला बोलावून घेतलं. इंद्रजितला ते झोंबलं होतं.

"सेन्सर परत बदलला," तो म्हणाला. "फुगे बदलले, कॉम्प्रेसर बदलला. वायर न् वायर तपासली. दिवा जातो, गाडी बाहेर पडली की पुन्हा लागतो. काहीतरी करून ठेवलंय त्यानं."

"आनंदा गेला कवा?"

"त्याच दिवशी हाकलला."

"तो गेला. मग बिघाड का गेला न्हाई?"

"पेरून गेलाय म्हणून!" इंद्रजितनं हातातला पाना टेबलावर आपटला. "तुम्हाला त्याचा पुळका आहे. पहिल्यापासून आहे. मी एवढं उभं केलं, उद्घाटनाला तुम्ही आला नाहीत. त्यानं चार शब्द रडून सांगितले, लगेच कामावर ठेवलंत!"

"रडला न्हाई तो."

"मग काय केलं?"

"गप बसलाय. अजून गपच हाय…"

रागावलेल्या माणसाला गप्प बसणं म्हणजे हरणं वाटतं.

"म्हणजे गुन्हा कबूल आहे."

वस्तादांनी त्याच्याकडं असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर मागं सरला असता.

तेवढ्यात चहा आला. वस्तादांनी कप हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. तसेच ते गाडीच्या डाव्या अंगाला जाऊन उभे राहिले.

"सरळ कशी केलीस हिला?"

"आडवी पट्टी टाकली. त्यावर लेव्हल ठेवली, गवंडी वापरतात ती. बुडबुडा बरोबर मधे येईपर्यंत उंची जुळवली आणि तीच कॉम्प्युटरला शिकवली. आता बघा, अजून मधे आहे. केसभर हललेला नाही."

"हितं सरळ?"

"इथं सरळ."

"आन् बाहेर?"

"बाहेर वाकडी! तेच तर सांगतोय मघापासून! आत आणली की सरळ, रस्त्यावर नेली की वाकडी. उजवी बाजू वर उचलून धरते, कॉम्प्रेसर तापतो, दिवा लागतो. माझ्या वर्कशॉपात दोष दिसत नाही, वस्ताद. दोष बाहेर आहे. बाहेर कुणीतरी…"

वस्तादांनी कप उपडा केला.

सगळा चहा त्या आरशासारख्या फरशीवर सांडला. इंद्रजितच्या कपाळाची शीर ताठ झाली. गिऱ्हाइकाला बूट घालून आत येऊ देत नव्हता तो.

"हे काय वागणं झालं? तुमच्या जागी दुसरा कुणी असता ना…"

"तर कानाखाली मारली असतीस. म्हाईत हाय. खाली बघ."

इंद्रजितनं पाहिलं.

चहा जागेवर थांबला नव्हता. बारीक धार करून तो गाडीखाली शिरला होता. पलीकडून निघाला, उजव्या भिंतीकडं गेला आणि कोपऱ्यातल्या जाळीत उतरला.

इंद्रजितनं गाडीकडं पाहिलं. मग पट्टीवरच्या बुडबुड्याकडं. मग पुन्हा त्या ओल्या रेघेकडं.

"उतार…" तो म्हणाला.

"कुणी द्यायला लावला?"

"मीच. गाड्या धुतल्यावर पाणी साचू नये म्हणून. गवंड्याला मीच बजावलं होतं…"

उतरत्या फरशीवर उभी करून त्यानं गाडीला सरळ केलं होतं. उजवी बाजू खाली म्हणून ती वर उचलायला शिकवलं होतं. बिचारी जिथं जाईल तिथं शिकवल्याप्रमाणंच उभी राहत होती.

तो खुर्चीत बसला. राग अजून अंगात होता, फक्त आता तो कुणावर काढायचा ते कळेना.

"बाहेर सपाट जागेवर नेऊन पुन्हा शिकवतो," तो म्हणाला.

"गाडीचं झालं."

इंद्रजित टेबलावरचा पाना उगाच सरकवू लागला.

"गाडीचं झालं, म्हटलं."

इंद्रजितनं मान खाली घातली. त्याचा उजवा हात मांडीवर पडला होता. त्या हाताकडं तो बघत राहिला.

"ज्यांना ज्यांना फोन केला, त्या सगळ्यांना पुन्हा करतो. चूक माझी होती, सांगतो."

वस्ताद दाराकडं निघाले.

"आणि आनंदाला बोलावतो. आजच. इथंच मारलं होतं मी त्याला, सगळ्यांसमोर. इथंच, याच जागी उभा करतो आणि सगळ्यांसमोर त्याची माफी मागतो."

वस्ताद दारापाशी पोचले होते. ते वळले. चेहऱ्यावरचा राग तसूभरही उतरला नव्हता.

"हितं नगं बोलवूस. हितं तो वाकडाच दिसंल."