चंदेरी रंगासाठी जळणारा टर्बो

भंगारालाही तोंड होतं, तेव्हाची गोष्ट. एका भंगारवाल्याच्या फळीवर दोन जुने टर्बो शेजारी होते. टर्बो म्हणजे इंजिनात जोराने हवा कोंबणारा पंखा. एकाला मालकाने चंदेरी रंग फासला होता. दुसरा काजळीने काळाकुट्ट.

काळ्याचा नुसता जळफळाट व्हायचा. "गिऱ्हाईक आलं की आधी यालाच बघतं! माझ्यातच काय खोट आहे?"

एकदा हमीदाबी मिस्त्री आल्या. घाटात दम टाकणाऱ्या जीपसाठी त्यांना स्वस्तातला टर्बो हवा होता. त्यांनी चंदेरी टर्बोचा दांडा चिमटीत धरून पुढेमागे ओढला. तो खडखडला, म्हणजे आतून झिजलेला. काळ्याचा जागचा हलला नाही. त्यांनी काळ्याला उचललं.

घरी त्याला खोलून डिझेलने धुतलं, बेअरिंग आणि तेल अडवणारी सील नवी घातली. तरी ह्याची भुणभुण चालूच. "मला त्याच्यासारखा चंदेरी रंग हवा!"

"अरे, तू तापणार. रंग टिकेल का?"

"त्याला आहे, मग मला का नाही?"

शेवटी वैतागून त्यांनी रंग लावला आणि टर्बो जीपला बसवला.

पहिल्याच चढावर तो तापून लालबुंद झाला, आणि रंग धूर होऊन उडाला. "तो मेला अजून फळीवर चमकत असेल," म्हणत तो माथ्यापर्यंत रडत गेला.

ज्या वळणावर जीपमधली माणसं दर खेपेला उतरून चालायची, तिथे त्या दिवशी कुणालाच उतरावं लागलं नाही. हे त्याला अजूनही ठाऊक नाही.